ऑटोमॅटिक, पण कुठली?

‘‘साहेब, गाडी ऑटोमॅटिक आहे,’’ असं कुणी म्हणालं की हल्ली माझं पित्त खवळतं. खानावळीत आपण विचारावं, ‘‘आज भाजी कसली?’’ आणि वाढप्यानं सांगावं, ‘‘शिजवलेली!’’ त्यातलाच हा प्रकार. अरे बाबा, शिजवलेली आहे हे दिसतंय. पण कारलं की बटाटा?

क्लच दाबून दाबून माझा डावा गुडघा संपावर गेला, तेव्हा ‘‘आता बिनक्लचची घ्या,’’ असं आमच्या हिनं फर्मान काढलं. एजंटानं एक जुनी गाडी दाखवली. मी रंग पाहिला, किती पळाली ते विचारलं, ॲव्हरेज विचारलं, टायरला लाथसुद्धा मारली. (त्यातून काय कळतं हे मला अजून कळलेलं नाही, पण सगळेच मारतात.) गिअरचं विचारल्यावर उत्तर आलं, ‘‘ऑटोमॅटिक.’’ मी खूश!

चौथ्या दिवशी सोसायटीच्या उतारावर गाडी उभी केली. मेहुण्याच्या गाडीत दांडा ‘पी’वर नेतात हे मी पाहिलं होतं. इथं ‘पी’ सापडेना. आधीच्या मालकाच्या हातानं पुसला गेला असेल, असं समजून दांडा ‘एन’वर ठेवला, हँडब्रेक नावापुरता ओढला आणि वर गेलो. चहाची बशी तोंडाला लावतो तोच खाली धाडकन आवाज! गाडी तळमजल्यावरच्या नानांच्या तुळशीवृंदावनाला भेटायला गेली होती. वृंदावनाचे दोन तुकडे. आणि दोनच मिनिटांपूर्वी तिथं नानांची नात भातुकली मांडून बसली होती. तो चहा मला अजून आठवतो; प्यायलो नाही म्हणून.

चूक माझीच. पण गॅरेजवाला पोरगा म्हणाला, ‘‘काका, हिला ‘पी’ नसतोच. ही एएमटी. इंजिन बंद करताना दांडा गिअरमध्ये ठेवायचा आणि हँडब्रेक पक्का ओढायचा.’’ हे वाक्य एजंटानं आधी सांगितलं असतं तर त्याचं काय जाणार होतं?

तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यासच केला. एएमटी म्हणजे आपला जुनाच गिअरबॉक्स. क्लचही असतो, फक्त तो दाबायला आणि गिअर बदलायला यांत्रिक गडी ठेवलेला. आपल्याकडे 2014 साली सेलेरिओतून हा प्रकार घराघरांत पोचला. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सला पोचवतं तेल. सीव्हीटीत एकामागून एक बदलायचे गिअरच नाहीत. दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक पट्टा. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच, एक विषम गिअरांचा, एक सम गिअरांचा. आणि पेडलं मोजून निकाल देणाऱ्यांची फजिती करायला 2020 साली व्हेन्यूमध्ये आयएमटी आली. क्लचचं पेडल नाही, पण गिअर तुम्हीच टाका!

मग ओळखायचं कसं? आधी दांड्यावरची अक्षरं वाचा. ‘डी’ आहे पण ‘पी’ नाही, तर बहुधा एएमटी. चालवताना गिअर बदलला की आपली मान ‘हो हो’ म्हणते, तीही एएमटीच. इंजिन आधी आरडाओरडा करतं आणि वेग मागून सावकाश येतो, तर सीव्हीटीचा संशय घ्या. बाकीच्यांच्या बाबतीत स्वतःच्या मानेवर भरवसा ठेवू नका. गाडीबरोबरचं पुस्तक उघडा. ते कुणी उघडत नाही, म्हणूनच ते इतकं कोरं करकरीत असतं.

‘‘पण एवढं कळून करायचंय काय? चालते ना?’’ असं विचारणारे महाभाग आहेत. त्यांना माझं सांगणं आहे : सीव्हीटीचं तेल वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरचं वेगळं. चुकीचं घातलंत तर गिअरबॉक्स जाईल आणि त्याच्यामागून तुमची पुंजी. एएमटी चढावर नुसत्या ॲक्सिलरेटरवर तोलून धरलीत तर आतला क्लच जळेल. आणि उतारावर काय होतं ते नानांना विचारा. जो विकणारा नुसतं ‘ऑटोमॅटिक’ म्हणतो, तो माहिती देत नाही, दडवतो. आणि जो घेणारा पुढचा प्रश्न विचारत नाही, तो त्याला साथ देतो. मीही दिली. जाहिरातीत सनरूफ लिहायला जागा असते, मग हा एक शब्द लिहायला का नसावी?

नानांनी नवं वृंदावन बांधलं. (खर्च माझा.) परवा ते पेढे घेऊन आले. म्हणाले, ‘‘आम्हीपण ऑटोमॅटिक घेतली!’’

मी अंगातलं सगळं बळ एकवटून विचारलं, ‘‘कुठली?’’

नाना म्हणाले, ‘‘पांढरी.’’