नऊ दिवसांची शिकार, तीनशे छप्पन्न दिवसांचे वेड

दिवाळी आली की आमच्या यावल तालुक्यात दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक पहाटेची थंडी आणि दुसरी शिकारीच्या गप्पा. फराळाची ताटे पुढे येतात, सुटीला आलेले पाहुणे ओसरीवर ऐसपैस बसतात, उत्तरेला सातपुड्याची निळी रांग पावसाने धुऊन निघाल्यासारखी स्वच्छ दिसते, आणि मग कोणी एक गृहस्थ चकली मोडता मोडता सुस्कारा टाकतो, "काय दिवस होते ते! पाऊस सरला की माणसे बंदुका पुसायला बसत. आता सगळेच बंद!" दुसरा म्हणतो, "शिकार खुली केली पाहिजे. रोह्यांनी आणि डुकरांनी शेतकरी नागवला." तिसरा अमेरिकेचा दाखला देतो. चौथा थोडा वाचलेला असतो. तो राजे-महाराजांची मृगया काढतो. मुले करंजी खायची विसरून हे सारे ऐकत असतात. वडीलधाऱ्यांचे बोलणे म्हणजे त्यांना वेदवाक्य. म्हणून त्या चौघांनाही उत्तर देणे मला भाग आहे. मी शाळामास्तर आहे. मुलांच्या कानावर काय पडते याची चौकशी करणे हा माझा धंदाच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मृगया हे व्यसन आहे, आणि प्रत्येक व्यसनाप्रमाणे त्याचे बिऱ्हाड भोगाच्या घटकेत नसते, प्रतीक्षेत असते. बार एका क्षणात उडतो. त्या क्षणाची वाट मात्र माणूस वर्षभर पाहतो, आणि ती वाट पाहणेच त्याला आतून पोखरते.

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे. लहानपणी वर्गात पाल शिरली तर बाकावर चढून बसणारा हा मुलगा तिकडे मित्रांच्या नादाने हरणांच्या शिकारीला लागला. तिथे बंदुकीने हरीण मारण्याचा मुख्य हंगाम नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी उघडतो आणि नऊ दिवस चालतो. आपल्या नवरात्रासारखे मोजून नऊ दिवस. तुम्ही म्हणाल, नऊ दिवसांचा छंद, त्याने काय बिघडते? पण वर्षाचे उरलेले तीनशे छप्पन्न दिवस हा गृहस्थ काय करतो ते ऐका. उन्हाळ्यातच तो रानातल्या झाडांना कॅमेरे बांधून येतो. रात्री हरीण गेले की आपोआप चित्र निघते. ती चित्रे तो जेवताना पाहतो. ऑगस्टात निशाणाचा सराव. सप्टेंबरात वास न येणाऱ्या साबणाने कपडे धुणे, कारण हरणाला माणसाचा वास लागतो. ऑक्टोबरात झाडावरच्या बैठकीची डागडुजी. मुलीचा वाढदिवस नेमका त्या नऊ दिवसांत येतो, आणि हा जणू मुलीचाच अपराध आहे अशा सुरात तो माझ्याशी फोनवर बोलला! गेल्या हंगामात त्याला हरीण मिळालेच नाही. मिळाले नाही म्हणून वेड कमी झाले का? छे! दुप्पट झाले. जुगारात हरलेला माणूस घरी जाऊन झोपत नाही, पुढच्या डावाची वेळ विचारतो, तसेच हे.

जुगाराची उपमा माझी नव्हे. ती फार जुनी आहे. आता राजांची साक्ष काढणाऱ्या आमच्या विद्वान स्नेह्याकडे वळू. राजे शिकार करीत हे खरेच. पण त्याच राजांना शहाणपण शिकवणारे काय म्हणत, हेही सांगायला नको का? राजाच्या कामातून उपजणाऱ्या दहा व्यसनांची यादी मनुस्मृतीत आहे आणि तिच्यात पहिलेच नाव मृगयेचे आहे. फासे तिच्या मागून येतात. त्या दहांतून सर्वांत घातक म्हणून जी चार निवडली, त्यांतही मद्य आणि द्यूत यांच्या पंगतीला मृगया बसलेलीच आहे. अर्थशास्त्रात तर याच प्रश्नावर वाद रंगला आहे. पिशुन म्हणतो, द्यूतापेक्षा मृगया वाईट. कौटिल्य त्याला खोडून काढतो आणि मृगयेचे गुण सांगतो : व्यायाम होतो, मेद झडतो, नेम बसतो, भ्यालेल्या आणि रागावलेल्या जनावराचे मन कळते. पक्षकार म्हणून कौटिल्यासारखा वकील मिळाला तर कोणाचीही छाती फुगेल. पण त्याने सांगितलेले गुण एकेक करून तपासा. रानात दहा कोस चालल्याने व्यायाम होतो. त्यासाठी हरीण मरावे लागत नाही. जनावराचे मन निरखल्याने कळते. मेलेल्या जनावराला मनच नसते. राहता राहिला नेम, आणि तो पुठ्ठ्यावरही बसतो.

आणि कालिदास? शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची तोंडभर स्तुती करतो, एवढे आमच्या स्नेह्यांना पाठ असते. पण तोच सेनापती त्याआधी विदूषकाच्या कानाशी लागून त्याला सांगतो की, तू आपला विरोध नेटाने चालू ठेव, मी मात्र धन्याच्या मर्जीप्रमाणे बोलणार, हे कोण सांगणार? म्हणजे आपल्या वाङ्मयातली मृगयेची सर्वांत गाजलेली स्तुती ही एका नोकराची खुशामत आहे! खरे बोलतो तो बिचारा विदूषक. त्याची झोप मोडली आहे, सांधे धरले आहेत, पाला कुजलेले ओढ्याचे पाणी पिऊन तो कावला आहे. घरात एकाला शिकारीचे वेड लागले की बाकीच्यांचा विदूषकच होतो. शिवाय आपल्या पुराणकथा आठवा. दशरथाने आवाजावर बाण सोडला आणि श्रावण गेला. पंडूने हरणांच्या जोडप्यावर बाण टाकला आणि शाप ओढवून घेतला. सोन्याच्या हरणामागे प्रत्यक्ष राम गेला आणि सीतेला अंतरला. हरणामागे धावून सुखी झालेल्या एकाची तरी गोष्ट आपल्या आज्यांनी सांगितली आहे काय?

ज्यांना पुराणे नको असतील त्यांच्यासाठी आमच्या खानदेशचा इतिहास आहे. १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने धरणगावास भिल्ल पलटण उभारली. भिल्लांचा विश्वास त्याने मुख्यतः शिकारीतल्या धाडसाने जिंकला असे सांगतात, आणि धाडस त्याच्यापाशी होते यात शंका नाही. पण दहा वर्षांत या प्रांतात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दोनशेच्या आसपास वाघ मारले! ज्या खानदेशात दहा वर्षांत इतके वाघ मरू शकले, तिथे मुळात किती असतील? आणि त्या वाघांना पुरतील एवढी हरणे किती असतील? आज त्याच जिल्ह्यात मुक्ताईनगरच्या रानात वाघाचा ठसा उमटला तर त्याची बातमी होते. हाका घालायला भिल्ल, गोळी साहेबाची आणि नावही साहेबाचे. पुढे साहेबांच्या जागी संस्थानिक आले, संस्थानिकांच्या जागी जीपवाले आले. पोटासाठी ससा धरणारा आदिवासी मात्र चोर ठरला. शिकारीला मर्दानी खेळ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

हंगाम ठरवून द्यावा, म्हणजे जनावरेही राहतील आणि हौसही भागेल, ही कल्पनाही करून झालेली आहे. १९१२ च्या कायद्याने सरकारला बंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार दिला होता. परवाने होते, नियम होते. कागदावर सगळे ठीक होते आणि रानात काळवीट संपत चालले होते. म्हणूनच १९६९ साली यावल अभयारण्य जाहीर करावे लागले, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा करावा लागला, आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीची उरलीसुरली वाटही बंद करावी लागली. हौसेखातर कोणी उगाच बंदी घातली नाही. वाट पाहणाऱ्यांनी आपल्या हाताने ती ओढवून आणली.

आता अमेरिका. तिथे हंगाम चालतो आणि हरणेही भरपूर आहेत, हे खरे आहे. १९३७ च्या एका कायद्याने तिथे बंदुकांवरचा आणि काडतुसांवरचा कर वन्य प्राण्यांच्या कामी लागतो, हेही खरे आणि अनुकरणीय आहे. पण ती हरणे इतकी का वाढली? लांडगे आणि पहाडी सिंह माणसाने बहुतेक मुलुखातून संपवले म्हणून. ज्याने घरातली मांजर मारली त्याला उंदीर मारत बसावे लागते. आमच्या सातपुड्यात हिशेब उलटा आहे. यावलचे अभयारण्य जेमतेम पावणेदोनशे चौरस किलोमीटरचे; त्यातही कुऱ्हाडी चालल्या, अतिक्रमणे झाली. बिबट्या इथे आहे आणि त्याला खायला हरीण पुरत नाही. त्याच्या ताटातले आपण उचलले तर तो कोणाच्या अंगणात येईल? २०१७ साली आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगाव तालुक्यात, नरभक्षक बिबट्याने माणसे मारली आणि अखेर त्याला गोळी घालावी लागली. रानात भक्ष्य राखणे ही जनावरांवरची दया आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी ती निदान स्वतःच्या लेकरांवरची दया समजावी.

शेवटचा आणि सर्वांत वजनदार मुद्दा शेतकऱ्याचा. यावल-रावेरचा केळीचा पट्टा मी रोज पाहतो. रानडुकरांनी एका रात्रीत लोळवलेले केळीचे खांब आणि रोह्यांनी तुडवलेला हरभरा पाहून ज्याच्या पोटात कालवत नाही, त्याने शेतीवर बोलू नये. त्या शेतकऱ्यासाठी कायद्यात वाट आहे. त्याच्या अकराव्या कलमाखाली परवानगी देता येते, आणि राज्य सरकारने २०१५ साली रोही व रानडुकरांसाठी तशी सोयही केली. ती सोय सुटसुटीत व्हावी, भरपाई वेळेवर मिळावी, कुंपणाला मदत मिळावी, यासाठी भांडायला मी सर्वांत पुढे उभा राहीन. पण शौकिनांनी त्या शेतकऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवू नये! रात्री मचाणावर दोघेही बसतात, दोघेही डोळ्यांत तेल घालून जागतात. तरीही शेतकरी वाट पाहतो ती जनावर जाण्याची आणि शिकारी वाट पाहतो ती जनावर येण्याची. डबा वाजवून रोही पळाला तर शेतकरी देवाचे आभार मानून आडवा होतो. शिकाऱ्याची ती रात्र फुकट गेलेली असते. उद्या जादूने सारी डुकरे रानात परत गेली तर शेतकरी पेढे वाटील आणि आपले शिकारखोर मित्र तोंड पाडून बसतील. एवढ्या एका कसोटीवर कोण कोणाचा कैवारी आहे ते ओळखावे.

मग वाट पाहण्याची ही हौस मारून टाकावी काय? मुळीच नाही. रानात गुपचूप बसावे, वाऱ्याची दिशा ओळखावी, पाचोळा वाजला की श्वास रोखावा, हा आनंद खरा आहे. कौटिल्य त्याच्यावर भाळला तो उगाच नव्हे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या अभयारण्यांत पाणवठ्याजवळच्या मचाणांवर माणसे बसतात आणि चांदण्यात पाण्यावर येणारी जनावरे मोजतात. तेच मचाण, तेच जागरण, तीच धडधड. फरक एवढाच की सकाळी ते सांबर जिवंत असते आणि पुढच्या वर्षी पाडसासह भेटते. १९०८ च्या सुमारास मुंबईत एका बारा वर्षांच्या मुलाने छर्र्याच्या बंदुकीने पिवळ्या गळ्याची चिमणी मारली आणि ती कोणती म्हणून विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे गेला. बंदुकीच्या बारापेक्षा चिमणीचे नाव त्याला मोठे वाटले; म्हणून देशाला सलीम अली मिळाले. आपल्या मारुती चितमपल्लींनी तर सारा जन्म वनखात्याच्या नोकरीत रानात काढला आणि मराठी भाषेला पाखरांची, झाडांची, जनावरांची नावे दिली. रानात आयुष्य घालवलेल्या माणसाने घरी काय आणावे, तर हे. भिंतीवर शिंगे लावून कोणाचे घर शहाणे झाल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा वाचकहो, या सुटीत मुलांच्या हाती टिकल्यांचे पिस्तूल खुशाल द्या. तो खेळ चार दिवसांत संपतो. पण हरीण मारण्याच्या फुशारकीच्या गोष्टी त्यांच्या कानी घालू नका. ते वेड चार दिवसांत संपत नाही. त्याऐवजी एखाद्या पहाटे त्यांना पालच्या बाजूला डोंगरात न्या, सुकी नदीच्या ओल्या काठावर खुरांचे ठसे दाखवा, आणि ते चितळाचे की भेकराचे हे त्यांनाच ओळखू द्या. हरीण त्या दिवशी दिसेलच असे नाही. न दिसले तरी मुले विचारतील, "पुन्हा कधी यायचे?" वाट पाहायला त्यांनी शिकलेच पाहिजे, ती कशाची पाहायची, एवढे ठरवणे अजून आपल्या हातात आहे.