आतडी मंदावतात तेव्हा

पोटाच्या ऑपरेशननंतर वॉर्डात डॉक्टर रोज एकच विचारतात, 'गॅस सुटला का?' कारण पोट उघडून आतडी हाताळली की ती काही काळ निपचित पडतात. लहान आतडं साधारण दिवसाभरात सावरतं, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठं आतडं दोन-तीन दिवसांत. हे लांबलं की पोट फुगतं, उलट्या होतात, मुक्काम आणि बिल दोन्ही वाढतात. मग आतडी चालवणाऱ्या औषधाची मागणी होते. माझं मत असं, की आधी चालू असलेल्या औषधांकडे, विशेषतः मॉर्फिनच्या कुळातल्या वेदनाशामकांकडे पाहावं. वेदना शमवता शमवता ती आतड्यांची हालचालही थोपवतात.

पुरावा याच दिशेचा आहे. 2008 च्या कॉक्रेन आढाव्यात 39 चाचण्या तपासल्या गेल्या. त्यांत एरिथ्रोमायसिनचा सातत्याने काहीच उपयोग दिसला नाही. सिसाप्राइड हृदयाची लय बिघडवतं म्हणून 2011 मध्ये भारतात बंद झालं. शिरेतून लिडोकेन देण्यावर बरीच आशा होती. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत 72 तासांत आतडी सुरू झालेल्यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत 57 टक्के, न घेणाऱ्यांत 59 टक्के निघालं. चांगला परिणाम दिसला तो अल्विमोपानचा, ज्याला 2008 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आतड्यांना ढकलत नाही, फक्त तिथला मॉर्फिनचा परिणाम अडवतं. मेंदूपर्यंत फारसं पोहोचत नसल्याने वेदनाशमन टिकतं. मात्र दीर्घ वापराच्या एका चाचणीत हृदयविकाराचे झटके जास्त दिसले, म्हणून ते रुग्णालयातच आणि जास्तीत जास्त 15 मात्रा एवढंच देतात.

'मग रुग्णाने कळ सोसायची का?' मुळीच नाही. वेदना दाबून ठेवणारा रुग्ण ना खोल श्वास घेतो, ना उठून चालतो. डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी 1990 च्या दशकात दाखवलेली वाट वेगळी आहे: पाठीतून भुलीचं औषध, पॅरासिटामोल, नाकातली नळी लवकर काढणं, लवकर चालवणं आणि खायला देणं. लवकर खाल्लं तर टाके उसवतील ही घरच्यांची भीती समजण्यासारखी आहे, पण नेहमीच्या आतड्यांच्या शस्त्रक्रियांत चाचण्यांनी तिला दुजोरा दिलेला नाही. सूज कमी करणारी वेदनाशामकं मात्र सरसकट नकोत. मूत्रपिंड आणि आतड्यांचा जोड यांचा विचार हवाच. एवढं करूनही काहींची आतडी सुस्तच राहतात, कारण हाताळणीने आलेली सूज मॉर्फिन कमी केल्याने जात नाही. अशा वेळी पोटॅशियम तपासावं, जोडातून गळती किंवा आत पू नाही ना याची खात्री करावी, आणि ती होईपर्यंत आतडी चालवणारं इंजेक्शन लिहू नये.