गाडीचा हीटर गार का पडतो?



पौषातली पहाट. थेरगावाहून भाजी घेऊन गुलटेकडीच्या बाजाराला निघालात, हीटर लावला, पण वारा गारच! तेव्हा ‘थंडी सोसू’ म्हणून पुढे जाऊ नका. हीटरमध्ये वेगळी शेगडी नसते. इंजिनातले गरम पाणीच त्याच्या जाळीतून फिरते. ते पाणी कमी झाले की हीटर गार पडतो आणि मागोमाग इंजिन तापते. एका हिवाळ्यात मी दुर्लक्ष केले. गॅस्केट जळाले आणि खिसा रिकामा झाला.

इंजिन पूर्ण निवल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडा, नाहीतर वाफेने तोंड भाजेल. पाणी कमी असेल तर कूलंट भरा आणि गळती शोधा.

पाणी पुरेसे आहे, पण पंधरा मिनिटे गाडी चालूनही काटा चढत नाही? मग बहुधा थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे.

काटा चढतो? मग इंजिन बंद करून हीटरच्या दोन्ही नळ्या जपून चाचपा. एक गरम, एक गार असेल तर जाळी तुंबली, हवा अडकली किंवा कॉक बंद आहे. दोन्ही गरम असतील तर आतली झडप किंवा तिची तार बिघडली आहे.

पान पिवळे पडले की आपण मूळ तपासतो. गाडीचेही तसेच करा.