मेणवलीची घंटा आणि वांद्र्याची माउली

शाळेची सहल मुंबईस निघाली म्हणजे राणीचा बाग, म्युझियम आणि चौपाटी हीं स्थळें ठरलेलींच असतात. वांद्र्यास समुद्रकांठच्या टेकडीवर मोतमाउलीचें कॅथॉलिक देऊळ आहे, तेंही पाहूं या, असें कोणीं सुचविलें तर मात्र कांहीं पालकांच्या कपाळास आठ्या पडतात. ‘आपलें तेथें काय काम?’ असें ते विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचें उत्तरही मोकळेपणानें दिलें पाहिजे.

वाईजवळचें मेणवली आमच्या साताऱ्याच्या वाचकांस ठाऊक आहेच. तेथें नाना फडणिसांच्या वाड्यामागें, कृष्णेच्या घाटावर, एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हा सन असून बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति आहे. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, तेव्हां पोर्तुगीजांच्या देवळांतील ज्या घंटा मराठी मुलखांत आल्या, त्यांपैकीं ही एक होय. त्याच सालीं, त्याच युद्धाच्या धामधुमींत, वांद्र्याच्या टेकडीवरील मरियेची मूर्ति माहीमच्या सेंट मायकेल देवळांत आश्रयास गेली. ती स्वस्थानीं परत आली १७६१ सालीं. वसईच्या विजयाचा आम्हांस अभिमान आहे, आणि तो असावाच. परंतु ज्यांच्या देवळांतील घंटा आपण पिढ्यान्‌पिढ्या वाजवीत आलों, त्यांच्या देवळाची पायरी चढण्यास कचरावें, हें आपल्या थोरवीस शोभत नाहीं.

आम्ही त्या टेकडीवर गेलों तेव्हां सध्यांच्या, १९०४ सालीं बांधलेल्या, दगडी इमारतीपेक्षां बाहेरील दुकानांनींच आमचें लक्ष अधिक वेधलें. तेथें मेणाचे हात, पाय, घरें विकावयास ठेवलेलीं असतात. ज्याचें जें दुखणें वा जी इच्छा, तशी वस्तु घेऊन तो माउलीस वाहतो. ८ सप्टेंबरच्या सुमारास भरणाऱ्या जत्रेंत ख्रिस्त्यांप्रमाणेंच हिंदु, पारशी व मुसलमानही येतात. मेणाचा एक लहानसा पाय पदराखालीं धरून एक म्हातारी आमच्यापुढें चालली होती. तिचा धर्म विचारावा असें आम्हांस सुचलेंच नाहीं. पाय कोणाचा, एवढेंच विचारलें. ‘नातवाचा,’ ती म्हणाली. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यांत नवस फेडणाऱ्या हिंदु बायका ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्या सांगलीकरांस यांत नवल वाटूं नये.

मात्र तमाशा पाहावयास जावें तसें तेथें जाऊं नये. डोक्यावरील टोपी काढावी, हलक्या आवाजांत बोलावें, उपासना चालू असतां इकडे तिकडे हिंडूं नये. पाहुण्यानें गुडघे टेकलेच पाहिजेत असा तेथें कोणाचा आग्रह नसतो. आणि आमच्या ख्रिस्ती विद्यार्थिबंधूंनींही एकदां मेणवलीच्या घाटावर जाऊन ती घंटा पाहावी, अशी त्यांसही आमची विनंति आहे.

पालकहो, आपला मुलगा तेथून आपला धर्म हरवून येणार नाहीं. दुसऱ्याच्या देवापुढें आपला आवाज खालीं आणावयास शिकून येईल. आणि तें शिक्षण केवळ पुस्तकांतून मिळत नाहीं.