चुलीवरचं मटण आणि चुलीपुढची बाई

पुण्याहून साताऱ्याच्या वाटेला लागलं की हायवेच्या दोन्ही अंगांना पाट्या सुरू होतात. चुलीवरचं मटण, चुलीवरची भाकरी, चुलीवरची मिसळ, आणि अलीकडे चुलीवरचा चहासुद्धा. बऱ्याच ठिकाणी चूल मुद्दाम दर्शनी भागात मांडलेली असते, गाडीतून उतरणाऱ्याच्या नजरेत भरावी म्हणून. तिच्यापुढे एक बाई भाकऱ्या थापत बसलेली असते. अशाच एका हॉटेलात मी भाकरी यायची वाट बघत चुलीपाशी जाऊन उभी राहिले. वर बुटकं पत्र्याचं छप्पर, धुराडं नाही, ओळीने तीन चुली. बाभळीचं सरपण इतकं ओलं की लाकडाच्या तोंडाशी फेस येत होता. बाई फुंकणी उचलायची, दोनदा जोर लावून फुंकायची, तोंड फिरवून खोकायची, दंडाला डोळे पुसायची आणि पुढचा उंडा हातात घ्यायची. पलीकडे बाजेवर बसलेले गृहस्थ मित्राला सांगत होते की गॅसवर ही चव येत नाही.

मला हा प्रकार किळसवाणा वाटतो, आणि हा शब्द मी विचार करून वापरते आहे. ज्यांच्या घरी पाइपचा गॅस आहे, ओट्यावर चिमणी आहे, हॉलमध्ये हवा शुद्ध करणारं यंत्र आहे, ते शंभर किलोमीटर गाडी हाणून दुसऱ्याच्या फुफ्फुसावर शिजवलेलं जेवायला येतात आणि त्याला परंपरा म्हणतात. परंपरा एवढी प्यारी असेल तर आपल्या बायकोला, आईला, मुलीला रोज चार तास त्या चुलीपुढे बसवा. कोणी बसवत नाही. चूल ज्यांना सोडता आली त्यांनी ती केव्हाच सोडली, आणि सोडल्यावर तिचे गोडवे गायला सुरुवात केली.

या पाटीवर महाराष्ट्रात कुठल्याही यंत्रणेने बोट ठेवल्याचं मी पाहिलेलं नाही. लाकूड जाळण्याबद्दल आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. नियम आहेत, न्यायालयाचे आदेश आहेत, दंडाच्या पावत्या आहेत. फक्त त्या कोणाच्या नावाने फाटतात ते बघा.

मुंबईत 9 जानेवारी 2025 रोजी उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. आदेश योग्यच होता. त्या भट्ट्यांत नुसतं लाकूड जळत नाही. पाडलेल्या घरांच्या चौकटी, मोडक्या पलंगांच्या फळ्या, रंग आणि पॉलिश लावलेलं भंगार जळतं, कारण ते सरपणापेक्षा स्वस्त पडतं. त्या धुराच्या शेजारी माणसं राहतात, शाळा भरतात. पण ज्या गल्लीत गॅसची पाइपलाइन पोचलेली नाही, तिथल्या छोट्या बेकरीवाल्याने करायचं काय? नवी भट्टी काही लाखांची. त्यासाठी कर्ज कोण देणार, विजेचा वाढीव लोड कधी मंजूर होणार, पाइपलाइन अमुक तारखेला येईल हे लेखी कोण देणार? ही उत्तरं नोटिशीच्या आधी तयार असायला हवीत. आपल्याकडे नोटीस आधी निघते आणि उत्तरं शोधायला मुदत संपल्यावर सुरुवात होते. मग मुदतवाढीचे अर्ज, मग शिष्टमंडळं, आणि त्या सगळ्या काळात शेजारची पोरं तोच धूर घेत असतात.

आणि वॉचमन. थंडी पडली की रात्री बारानंतर कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या फाटकापाशी जाऊन बघा. खुर्ची, कान झाकणारा मफलर आणि पायाशी शेकोटी. शेकोटीत काय असतं? फर्निचरच्या कामातून उरलेले प्लायवूडचे तुकडे, सनमायकाच्या पट्ट्या, खोक्यांचे पुठ्ठे, त्यांना चिकटलेली सेलोटेप, कधी थर्माकोल. प्लायवूडच्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं. तो धूर सगळ्यात आधी त्या माणसाच्या छातीत जातो आणि मग पहिल्या मजल्याच्या खिडकीत. पहिल्या मजल्यावरचे महापालिकेच्या ॲपवर फोटो टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी वॉचमनला दम मिळतो. त्याला रात्रभर उघड्यावर बसवणाऱ्या सोसायटीला कोणी विचारत नाही, की बाबांनो, ह्याला केबिनला दार का नाही? एक हीटर का नाही? आमच्याच सोसायटीच्या सभेत मी हीटरचा विषय काढला तेव्हा विजेच्या बिलाची चर्चा झाली. त्याच सभेत लॉबीतल्या झुंबराचा खर्च टाळ्या वाजवून मंजूर झाला.

दिल्लीची हवा महाराष्ट्राहून कितीतरी वाईट, आणि तिथली अंमलबजावणी नाव घेण्यासारखी नाही. पण तिथल्या ‘ग्रॅप’ नावाच्या आराखड्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. हवा बिघडली की रहिवासी संघटनांनी सुरक्षारक्षकांना, सफाई कामगारांना विजेचे हीटर द्यायचे, म्हणजे त्यांना उघड्यावर काही जाळावं लागणार नाही. आणि हॉटेलांत, ढाब्यांत तंदूरसाठी कोळसा-लाकूड वापरायचं नाही. जबाबदारी कोणाची, हे ठरवून लिहिलेले हे दोन नियम आहेत. मालकाने हीटर द्यायचा, हॉटेलवाल्याने भट्टी बदलायची. आपल्याकडे हे उचलायला कोणाची हरकत आहे?

कायदा नाही ही सबब चालणार नाही. 1981 च्या वायू प्रदूषण कायद्याचं कलम 19 काढून वाचा. प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात अमुक इंधन वापरायचं नाही, मान्यता नसलेलं जाळण्याचं उपकरण वापरायचं नाही, इंधन नसलेली कुठलीही वस्तू जाळायची नाही, असे तिन्ही आदेश राज्य सरकारला प्रदूषण मंडळाशी सल्लामसलत करून काढता येतात. चाळीसहून जास्त वर्षं हे अधिकार हातात आहेत. 2016 च्या घनकचरा नियमांनी रस्त्यावर, सार्वजनिक जागी कचरा जाळायला मनाई केली. त्याच वर्षी 22 डिसेंबरला राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकाराला 5000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर 25000 रुपये भरपाई ठरवली. आजही पुण्यात सकाळी सहाला फिरायला निघा. झाडलेल्या पाल्याचे ढीग कोपऱ्याकोपऱ्यावर धुमसताना दिसतात. पाला उचलायला गाडी येत नाही, मुकादमाला रस्ता स्वच्छ दिसायला हवा, मग झाडूवाली काडी लावते. पावती फाडायची असेल तर गाडी न पाठवणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने फाडा. ‘ब्राउन लीफ’सारखा पुण्यातला नागरिकांचा गट वाळला पाला जाळू नका, तो आम्हाला द्या, आम्ही त्याचं खत करतो, असं म्हणत लोकांना जोडून देतो. जे काम नागरिक फावल्या वेळात करतात ते पगारी यंत्रणेला जमू नये, याची मला चीड येते.

पण रस्त्यावरचा धूर निदान दिसतो, त्याची तक्रार होते. सगळ्यात जास्त धूर ज्या जागी माणसाच्या छातीत जातो तिथे आपला एकही नियम पोचत नाही. ती जागा म्हणजे गावातलं स्वयंपाकघर. आपल्याकडे हवेतल्या सूक्ष्म धुलिकणांची, म्हणजे पीएम 2.5 ची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 15 असावी. चूल पेटलेली असताना कोंदट स्वयंपाकघरात हा आकडा शेकड्यांत, कधी हजारांत जातो. कर्क स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञाने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर यंत्रं लावून हे मोजलं होतं. आपल्या पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की जगात सिगारेट-बिडी ओढणारे सुमारे 100 कोटी आहेत आणि लाकूड, शेण्या, काडीकचऱ्याच्या धुरात श्वास घेणारे सुमारे 300 कोटी. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या बाईला दम लागतो, पायऱ्या चढवत नाहीत, आणि घरचे म्हणतात वय झालं. वय पंचेचाळीस असतं.

हवा स्वच्छ करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 2019 मध्ये आला तो शहरांसाठी. हवा मोजणारी यंत्रं चौकात बसली, आकड्यांचे फलक चौकात लागले. माण तालुक्यातल्या स्वयंपाकघरात कुठला फलक आहे? तिथल्या हवेचा आकडाच नाही, म्हणून ती कोणाच्या बैठकीत येत नाही.

इथे उज्ज्वला योजनेचं नाव पुढे केलं जाईल, म्हणून तेही बोलू. 1 मे 2016 ला बलियात ही योजना सुरू झाली आणि दहा कोटींहून जास्त घरांत शेगडी पोचली. हे काम मोठं आहे आणि मी ते मान्य करते. पण शेगडी पोचली म्हणजे चूल विझली असं होत नाही. सरकारनेच संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार उज्ज्वलाच्या घरांनी 2019-20 मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर भरून घेतले, 2023-24 मध्ये चारच्या आतच. चार-पाच माणसांच्या घराला वर्षाला सात-आठ तरी लागतात. उरलेले महिने कशावर शिजतं ते सांगायला तज्ज्ञ नको. सिलिंडर एकदम आठ-नऊशे रुपये मागतो, अनुदान खात्यात नंतर येतं. बांधावरच्या काटक्या पैसे मागत नाहीत. महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत देऊ केले. चांगलं केलं. पण तीन सिलिंडर हे चहाचे आणि पाहुण्यांच्या स्वयंपाकाचे झाले. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच राहतं.

त्याआधी सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम होता. 1983 च्या अखेरीस सुरू झाला, साडेतीन कोटींच्या घरात चुली वाटल्या, 2002 मध्ये गुंडाळला. चुली मोजल्या, पण त्या वर्षभराने जळतात का, धुराडं तुंबलं तर साफ कोण करतं, हे विचारायला कोणी फिरकलं नाही. वाटपाच्या आकड्यावर समाधान मानण्याची ही आपली जुनी खोड आहे आणि तिने बायका मारल्या आहेत.

लंडनमध्ये डिसेंबर 1952 मध्ये पाच दिवस धुरकं बसलं आणि तेव्हाच्या हिशेबाने चार हजार माणसं मेली. नंतरच्या अभ्यासांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. 1956 मध्ये कायदा आला. नगरपालिकांना धूरबंदीचे विभाग जाहीर करता येऊ लागले आणि थेट घरातल्या शेगडीवर बंधन आलं. या कायद्याचा दाखला आपल्याकडे पर्यावरणाच्या प्रत्येक परिसंवादात देतात, पण त्यातलं एक कलम कोणी सांगत नाही. धूरबंदीच्या विभागातल्या घराला आपली शेगडी बदलण्यासाठी जो वाजवी खर्च येईल त्याचे सात दशांश नगरपालिकेने परत करायचे, आणि त्यातला मोठा हिस्सा सरकारी तिजोरीतून यायचा. बंदी आणि पैसे एकाच कायद्यात होते. आपण बंदी तेवढी उचलली.

एक आक्षेप नेहमीचा: आधी गाड्यांचा, कारखान्यांचा, बांधकामांचा धूर बघा, गरिबाच्या चुलीच्या मागे का लागता? गाड्यांचा धूर बघाच, मी कुठे नको म्हणते. पण गरिबाची बाजू घेतल्याचा आव आणून गरिबाच्या बाईला धुरात ठेवण्याचा हा युक्तिवाद मला सहन होत नाही. लाकडाचा धूर नैसर्गिक असतो, त्याने काही होत नाही, असंही शिकलेली माणसं म्हणतात. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आहे, बेन्झीन आहे, बेन्झोपायरीन आहे. घरातल्या लाकूड-काडीच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने संभाव्य कर्करोगकारकांच्या यादीत घातलेलं आहे. होळीचं विचाराल तर गल्लीगल्लीत पाच होळ्या पेटवण्यापेक्षा वाड्याची, गावाची एक होळी ही जुनीच रीत आहे, ती पाळा.

मला हवं आहे ते अगदी साधं आहे. राज्य सरकारने कलम 19 वापरून पहिला आदेश हॉटेलांवर, रिसॉर्टवर आणि शनिवार-रविवारच्या फार्महाउसांवर काढावा. धंद्यासाठी किंवा मौजेसाठी उघडी, धुराड्याविना चूल आणि शेकोटी बंद. ज्याला चव विकायची आहे त्याने मान्यता मिळालेली, धूर बाहेर नेणारी भट्टी स्वतःच्या खर्चाने बसवावी, आणि चुलीपुढे बसणाऱ्या कामगार बाईची छाती दर वर्षी मालकाच्या पैशाने तपासली जावी. दुसरा आदेश सोसायट्यांवर आणि बांधकामाच्या ठेकेदारांवर. फाटकावर शेकोटी दिसली तर दंड समितीला आणि ठेकेदाराला, वॉचमनला नाही. बेकरीवाल्याला पाइपलाइनची तारीख आणि बिनव्याजी कर्ज आधी, टाळं नंतर. आणि ज्या घरात चूल ही निवड नसून नाइलाज आहे, त्या घराला वर्षाचे आठ सिलिंडर अशा किमतीत, की ते भरताना किराणा कापावा लागणार नाही, आणि अनुदान भरतानाच वजा व्हावं. हे होईपर्यंत त्या घराच्या चुलीवर, त्या बाईच्या अंघोळीच्या बंबावर एक रुपयाही दंड लावायचा नाही.

पैसे कुठून आणायचे, असं विचारतील. हवा स्वच्छ करण्याच्या त्याच राष्ट्रीय कार्यक्रमाच्या निधीचा हिशेब दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने 2024 मध्ये मांडला. 64 टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर, म्हणजे फरसबंदी, झाडणारी यंत्रं आणि पाणी मारणारे टँकर. लाकूड, पाला आणि काडीकचरा जाळणं थांबवण्यावर साडेचौदा टक्के. त्या 64 मधून किती काढायचे आणि कोणाच्या स्वयंपाकघरात पोचवायचे, याचा कागद पुढच्या हिवाळ्याच्या आत मंत्रालयातून निघाला पाहिजे.