रिपोर्ट मिळाला, पण नमुना कसा घेतला?

खाद्यपदार्थांच्या धंद्यातील आपले अनेक बांधव प्रयोगशाळेत दोनच प्रश्न घेऊन जातात. रिपोर्टला पैसे किती आणि तो मिळणार केव्हा? नमुना कसा घ्यायचा, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. धंदा मासळीचा असो, मटणाचा, हॉटेलचा की बर्फाचा, नमुना चुकला तर पुढची सारी तपासणी वाया जाते.

रोग पसरवणारे जंतू मालात बहुधा फार थोडे असतात आणि निरुपद्रवी जंतूंच्या गर्दीत लपलेले असतात. म्हणून प्रयोगशाळेला ते आधी गोळा करावे किंवा वाढवावे लागतात, मग इतरांपासून वेगळे करावे लागतात आणि शेवटी ओळखावे लागतात. गोठवलेल्या कोळंबीत साल्मोनेला शोधताना २५ ग्रॅम माल साध्या पोषक द्रवात सुमारे १८ तास उबेत ठेवतात. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत. पुष्कळसे अर्धमेले होऊन राहतात आणि त्यांना सावरायला हा वेळ द्यावा लागतो. त्यानंतर इतर जंतूंना दाबणारा द्रव, मग बशीतील वाढ आणि शेवटी खात्री. या पद्धतीला चार-पाच दिवस लागतात. आता चुंबकीय कणांनी जंतू ओढून घेण्याची रीत आणि पीसीआर यांमुळे काम लवकर होते. पण पीसीआर मेलेल्या जंतूंचे अवशेषही दाखवू शकते आणि माल आधी उबेत ठेवावा लागतोच. तेव्हा तासाभरात रिपोर्ट देतो म्हणणाऱ्याला पद्धत कोणती, हे जरूर विचारावे.

पाण्याची रीत निराळी आहे. १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पातळ गाळणीतून ओढतात. जंतू गाळणीवर अडकतात. ती पोषक थरावर ठेवली की दुसऱ्या दिवशी ठिपके मोजता येतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय आढळता कामा नये. मात्र हे पाणी घरच्या धुतलेल्या बाटलीतून नेऊन चालत नाही. निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच आणावी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते नसेल तर वाटेतच क्लोरीन जंतूंना मारत राहते आणि खराब पाण्याचाही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. बाटली विसळू नये, बर्फाच्या पेटीत ठेवावी आणि त्याच दिवशी पोहोचवावी.

आणखी एक गोष्ट. "आढळला नाही" याचा अर्थ त्या २५ ग्रॅममध्ये आढळला नाही, एवढाच. जंतू मालात सारखे पसरलेले नसतात. चांगला दिसणारा तुकडा निवडून पाठवला तर कागद चांगला मिळेल, माल चांगला होणार नाही.

यात किती नुकसान होऊ शकते, हे १९९७ साली दिसले. मासळीत साल्मोनेला सापडला आणि कारखान्यांतील स्वच्छता अपुरी आढळली म्हणून युरोपीय संघाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये भारताच्या मासळीवर बंदी घातली. दार पुन्हा उघडले ते मंजुरी मिळालेल्या कारखान्यांपुरतेच. काळजी घेणारेही त्यात भरडले गेले. सुक्याबरोबर ओलेही जळते, ते असे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरावर मासळी घेणाऱ्या लहान व्यापाऱ्यानेही हे विसरू नये. त्याने वापरलेला बर्फ आणि पाणी पुढे कारखान्यापर्यंत मालाबरोबरच जाते.

तपासणीचा खर्च एकट्या लहान दुकानदाराला झेपत नाही, ही तक्रार खरी आहे. पण एका बाजारातील दहा जणांनी मिळून दर महिन्याला सामाईक बर्फ आणि टाकीचे पाणी तपासून घेतले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच खर्च येईल. सुरुवात पाणी आणि बर्फापासूनच करावी, कारण तेच प्रत्येक मालाला लागते. नमुना घेण्यासाठी एकाला नीट शिकवून तयार करावे आणि तारीख, वेळ, जागा वहीत लिहून ठेवावी.

सरकारी निरीक्षक येईल तेव्हा पाहू, ही सवय आता सोडली पाहिजे. दोष आपल्याला आधी कळला तर टाकी धुऊन, बर्फवाला बदलून भागते. तोच दोष गिऱ्हाईक आजारी पडल्यावर कळला तर वर्षानुवर्षे कमावलेली पत एका दिवसात जाते.