उसनं घ्या, पण नाव सांगा!

बीचवर, सुट्टीत घालायचे रंगीबेरंगी कपडे म्हणजे रिसॉर्ट वेअर. आज रील्समध्ये ते ढिगाने दिसतात, पण गोष्ट जुनी आहे. अमेरिकन डिझायनर टीना लेसर हिने १९३५ मध्ये हवाईत, होनोलुलूला दुकान थाटलं. हवाईच्या भडक प्रिंट्सचे, सारोंगसारखे गुंडाळलेले स्विमसूट ही तिची खासियत. १९४५ मध्ये तिला अमेरिकेतला मानाचा ‘कोटी’ फॅशन पुरस्कारही मिळाला.

तिची नजर भारी होती, वादच नाही. पण स्केचखाली सही एकाच व्यक्तीची असते. सारोंग पिढ्यान्‌पिढ्या नेसणारे, त्याचं कापड घडवणारे मलय-इंडोनेशियन लोक त्या कागदावर कुठेच नसतात.

हे जुनं झालं म्हणाल, तर जून २०२५ आठवा. मिलानच्या रॅम्पवर प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या, तेव्हा कोल्हापूरचं नावही नव्हतं. आपल्याकडे ओरड झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. खरं तर कोल्हापुरीला २०१९ मध्येच जीआय मानांकन मिळालंय.

कल्पना उसनी घेऊच नका, असं आम्ही म्हणत नाही. तसं केलं तर फॅशनच थांबेल. पण कॉलेजच्या फॅशन शोसाठी वारलीची नक्षी किंवा पैठणीचा मोर उचलताय ना? मग कला कुठली, गाव कुठलं, कारागीर कोण, एवढं सबमिशनमध्ये लिहाच. आणि त्याच कारागिराकडून कापड घेताना घासाघीस नको!